मोरांचं घमेलं

मोरबी
ता. २८ नोव्हेंबर २००४

चि. शुभांगी,

दादाचा आशीर्वाद. मावशीला आणि काकांना माझा नमस्कार सांग. मी दोन वेळा जेवतो आणि वेळेवर कामाला जातो, तेव्हा माझी काळजी कोणी करू नये. आईला तर हे दोनदा सांग. इथल्या खाणावळीत डाळीतही साखर असते, भाजीतही साखर असते. चहात तेवढी कमी असते. वणीच्या मिरचीचा ठेचा तू पाठवलास तो मी कुलूप लावून ठेवलाय.

तुझं पाकीट मिळालं. निबंध तीनदा वाचला. 'माणूस, कला आणि निसर्ग' हे नावच इतकं मोठं, की मला वाटलं आपल्याला काही झेपणार नाही. पण सगळं कळलं. वर सरांनी लाल शाईत 'उत्तम' लिहिलंय, ते खोलीतल्या पोरांना दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी एकजण म्हणाला, अक्षर तेरे जैसा नहीं है, अच्छा है. सव्वीस जानेवारीला तू हे स्टेजवर वाचणार, मग कॉलेजच्या अंकात छापून येणार. आपल्या घरात याच्या आधी छापून आलेलं नाव म्हणजे अप्पांचं, सोसायटीच्या निवडणुकीत पडले तेव्हाचं.

गोदावरीतल्या फेसाबद्दल लिहिलंस ते खरं आहे. इथेही तसंच. दोरीवर सकाळी शर्ट वाळत घातला की दुपारी त्याच्यावर पांढरी पावडर. आम्ही लोकांच्या घरात चकचकीत फरशी पोचवतो आणि स्वतः धूळ खातो. मी लाइनच्या शेवटी उभा असतो. फरशी पुढे येते, तिच्यात खोट दिसली की उचलायची आणि भंगारात फोडायची. काम सोपं आहे. फक्त हल्ली मी सुपरवायझरला म्हटलं, मला दुसऱ्या लाइनवर टाका. तो म्हणाला, इथे काय काटे टोचतात काय.

आता एक सांगायचं आहे. निबंधाच्या शेवटी तू आपल्या वावरात कामाला असलेल्या गोटीबाबाचं लिहिलंस. त्याचं नाव काढून टाक. मोरांचंच काढून टाकलंस तरी चालेल. नदीचं पुष्कळ आहे, तेवढ्यावर निबंध उभा राहतो. बाबा आता म्हातारा झाला असेल, कशाला त्याला पुन्हा स्टेजवर चढवायचं. एवढं माझं ऐक. कारण विचारू नको.

थंडी पडली असेल. गॅलरीत झोपू नको.

तुझा
दादा


मोरबी
ता. ९ जानेवारी २००५

शुभांगी,

तुझं रागाचं पत्र आलं. 'दादा, तू सात वर्षांपूर्वी घर सोडलंस, आणि आता मला काय लिहायचं ते शिकवतोस.' बरोबर आहे. सुरत, सिल्वासा, भिवंडी, मोरबी. आई म्हणते याच्या पायाला भिंगरी आहे. अप्पा म्हणतात याला कुठे टिकायची अक्कल नाही. दोघंही चुकतात. मला कुठेच बसवत नाही, त्याला कारण आहे. ते आज लिहितो. बारा दिवस झाले, रोज कागद काढतो आणि ठेवतो.

तू लिहिलंयस, 'ज्या हाताने मला मोर काढायला शिकवला, त्याच हाताने मोरांच्या पाण्यात विष कालवलं. त्या दिवसापासून कला माणसाला चांगलं करते, यावर माझा विश्वास राहिला नाही.' हे वाक्य मला पाठ झालंय. फरशी मोजतानाही ते तोंडात येतं.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. तुला आठवतं ते तू लिहिलंस. मला आठवतं ते आता वाच.

सत्त्याण्णवचा मे महिना. खालच्या वावरात उन्हाळी भुईमूग होता, शेंगा भरत आलेल्या. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती आणि वावर राखणं हेच माझं काम. मोर लय माजले होते. लांडोरी नऊ-दहाच्या घोळक्याने यायच्या आणि सरी उकरून शेंगा खायच्या. मी डबा वाजवायचो, त्या बांधापर्यंत जायच्या आणि मी बसलो की परत. अप्पा रोज संध्याकाळी उकरलेल्या जागा बघायचे आणि माणसांसमोर म्हणायचे, "एवढा घोडा झाला, याच्याच्याने पाखरू हाकलवत नाय. याला शाळेतून काढला ते बरं केलं, तिथं तरी काय दिवे लावले असते." वाड्यावस्तीवरचे लोक हसायचे. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो.

आणि वरच्या अंगाला, पंपाच्या खोलीजवळ, गोटीबाबा त्याच मोरांना पाणी ठेवायचा. फुटकं घमेलं, त्याच्या बुडाला डांबर लावून बुजवलेलं. सुरगाण्याकडून तो आणि त्याची बायको सुलाबाई आपल्याकडे कामाला आले तेव्हापासून ते घमेलं होतं. मी म्हणायचो, बाबा, तुम्ही पाहुणे बोलावता आणि मी हाकलतो, हा कोणता धंदा. तो म्हणायचा, "तहानेला आलेला पाहुना नसतो रं, घरचाच असतो."

एका सकाळी मी फवारणीच्या डब्यातलं औषध पत्र्याच्या डब्यात ओतलं. त्यात शेंगदाणे भिजवले, वाळवले आणि खालच्या बांधावर टाकले. शुभे, मला वाटलं होतं एखादी मरेल आणि बाकीच्या भिऊन निघून जातील. कावळ्यांचं तसं होतं. एक मेलेला कावळा काठीला टांगला की बाकीचे येत नाहीत. मोरांचंही तसंच असेल असं मी धरून चाललो.

दुपारी गोटीबाबा बांधावरून आला. त्याच्या हातात एक दाणा होता. त्याने तो नाकाशी धरला आणि मला विचारलं, "ज्ञान्या, बांधावर दाणे कोनी टाकले?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग परत बांधावर जाऊन वाकून वाकून दाणे वेचायला लागला. कमरेचा त्रास होता त्याला, तरी वेचत होता. पण तोपर्यंत पोटात जायचे ते गेले होते.

औषध पोटात गेलं की तहान लागते. ते मला माहीत नव्हतं. सगळे मोर पाण्याकडे पळाले. दोन मोर आणि सात लांडोरी, सगळे त्या घमेल्याभोवती पडले. एकाची मान घमेल्यात होती.

पुढचं तुला माहीत आहे. गावाने घमेलं बघितलं, पाणी बघितलं आणि ठरवलं. कोणी म्हणालं मटणासाठी, कोणी म्हणालं पिसं विकायला. जंगलखात्याची गाडी आली, साहेब आले. ते तुझ्यासमोर खाली बसून गोड आवाजात म्हणाले, बाळ, या बाबाच्या झोपडीत मोराची पिसं आहेत का? तू म्हणालीस, हो, पुष्कळ आहेत, डब्यात ठेवलीत.

तू खोटं बोलली नाहीस. पिसं होतीच. पण तू निबंधात लिहिलंस, की 'लहान असूनही मी खरं सांगितलं, याचा मला आजही अभिमान आहे', तिथे मला खोलीच्या बाहेर जाऊन बसावं लागलं. ती पिसं तुझ्यासाठी होती शुभे. पावसाळा सरताना मोर आपणहून पिसं टाकतो. ती वेचून बाबा साठवायचा, तुझ्या वाढदिवसाला द्यायला. मला त्याने दाखवली होती. गळालेल्या पिसाच्या टोकाला रक्त नसतं, ते स्वच्छ असतं. एकाही माणसाने ते टोक बघितलं नाही. मी तिथेच उभा होतो. मला बोलता आलं असतं.

त्याने कागदावर अंगठा दिला. काय लिहिलंय ते विचारलंही नाही. गाडीत बसताना सुलाबाई रडत होती, आणि तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "ज्ञान्या, घमेल्यात पानी घालत जा." बस, एवढंच. माझं नाव सांगायला एक शब्द पुरला असता.

बावीस दिवस तो आत होता. सुटल्यावर ते दोघं आपल्याकडे आले नाहीत, परस्पर गावी गेले. त्याआधीच अप्पांनी मला सांगितलं होतं, पंपाच्या खोलीची भिंत चुन्याने रंगव. त्या भिंतीवर तुम्हा दोघांची चित्रं होती. तांदळाच्या पिठाची, बांबूची काडी चावून काढलेली. तुझा पहिला मोर होता, बदकासारखा दिसायचा. बाबाने त्याच्याशेजारी एका रेघेत मान काढून दाखवली होती. मी तीन हात चुना मारला. आणि घमेलं मी गाडी गेली त्या दिवशीच विहिरीमागे दगडाने ठेचलं होतं. पाणी एकदाही घातलं नाही. दिवाळीच्या आधी घर सोडलं.

इथे आमच्या लाइनवर ऑक्टोबरपासून बाथरूमची नवी फरशी निघते, तिच्यावर मोर आहे. तासाला तीनशे मोर माझ्यासमोरून जातात. खोट असली की फोडायचे. म्हणून मी दुसरी लाइन मागत होतो.

मी ठरवलं होतं, आधी बाबाकडे जायचं. त्याच्यासमोर बसायचं आणि मग तुला सांगायचं. दर वर्षी ठरवायचो, या वर्षी जाऊ. तुझा निबंध आला तेव्हा घाबरलो आणि नाव काढ म्हणून लिहिलं. मला वाटलं, नाव निघालं की प्रकरण निघेल.

नाताळात वाल्मीक इथे कामाला आला. बाबाच्या शेजारच्या पाड्यावरचा आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "गोटीराम म्हातारा? तो दसऱ्याच्या आधीच गेला की. शेवटी शेवटी डोकं नीट नव्हतं त्याचं. येईल त्याला विचारायचा, बोरस्त्याच्या वावरातल्या घमेल्यात पानी कोन घालतं? आम्ही हसायचो. म्हणायचो, बाबा, आमी घालतो, तू झोप."

वाल्मीक हे सांगताना हसत होता. मीही थोडा हसलो, त्याला कळू नये म्हणून.

म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो नव्हताच. मी मेलेल्या माणसाची काळजी केल्यासारखं दाखवत होतो आणि काळजी माझी करत होतो.

तू शिकलीस, मी नाही. कला माणसाला चांगलं करते का, हे मला सांगता येणार नाही. पण तू बघितलेला हात चांगलाच होता. वाईट हात माझा होता आणि त्याला कोणी चित्र काढायला शिकवलं नव्हतं. एवढ्यावरून काही ठरत असेल तर तू ठरव. आणि निसर्ग वाचवा म्हणून तू लिहितेस, तर हेही लिही, की आपल्या वावरात तो एक माणूस वाचवत होता आणि त्याला आपण गाडीत बसवून दिलं.

मागच्या पत्रात म्हटलं होतं, त्याचं नाव काढ. आता उलटं सांगतो. नाव ठेव. पूर्ण लिही, गोटीराम. फक्त 'विष कालवलं' तिथे माझं नाव घाल. स्टेजवर तसंच वाच आणि अंकात तसंच छापू दे. अप्पांना राग येईल, तुझा 'उत्तम' शेराही कदाचित जाईल. तुला वाचायला जमणार नसेल तर हे पत्र सरांना दे, ते वाचतील.

पंचवीस तारखेला मी वणीला उतरतो. तिथून सुलाबाईकडे जाणार. ती मला दारात उभं करील की नाही माहीत नाही. तू येऊ नको, आधी मला एकट्याला जाऊ दे. तिथून मागे येताना वावरात थांबेन. घमेलं नवं घेतलंय, इथल्या बाजारातून. ट्रंकेत बसत नाही, हातात धरून आणावं लागेल.

खाली दादा लिहीत नाही. ते आता तू ठरवायचं. त्याने अंगठा दिला होता, मी सही करतो. सातवीपर्यंत शिकलो, ते एवढ्या कामाला आलं.

मोर मी मारले.

ज्ञानेश सावळीराम बोरस्ते
राहणार वणी, जिल्हा नाशिक