खुंट जागेवरच आहेत

९ फेब्रुवारी, रविवार

एजिडिओ येऊन गेला. बहिणीचा मुलगा, पोटेंझाला नोकरीला असतो. टोमॅटोच्या क्रेटमध्ये सगळा संसार मांडून दिला — बॅटरी, काडेपेटीएवढा प्रवासी राउटर, त्यात सिमकार्ड. "मामा, क्रेट उचलून कुठंही न्या. कॅमेरे ह्याचंच नाव ओळखतात, आपसूक जोडले जातील."

दोन कॅमेरे बागेत, जमिनीला पडलेल्या भेगेवर रोखलेले. भेगेच्या दोन्ही काठांना मी लाल खुंट ठोकले. त्यांच्यातलं अंतर वाढलं, की डोंगर सुटला!

नगरपालिकेचा सर्व्हेअर कालच बजावून गेला — वरची आळी रिकामी करा. बाकीची चार घरं गेलीसुद्धा. बहीण इन्कोरोनाता मात्र म्हणाली, "दादा, तुझे खुंट हलले की सांग. तोवर माझा पाव ह्याच भट्टीत भाजणार."

म्हणजे तिचा जीव माझ्या शब्दावर.

१० फेब्रुवारी

दिवसभर पाऊस. खुंट जागेवर.

चौथीत पाठ केलेली डोंगरावरची कविता सकाळपासून ओठांवर आहे. बाई उभं करून म्हणवून घ्यायच्या, आणि वर्गाच्या खिडकीतून हाच डोंगर दिसायचा. शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

चित्र अडकतंय. राउटरला नेटवर्क पुरत नाही — चार रेघा होत्या, आता दोन. एजिडिओ फोनवर म्हणाला, "क्रेट उंच ठेवा. समोरच्या टेकडीमागचा टॉवर दिसायला हवा." खिडकीतून उचलून स्टुलावर ठेवला. सुधारलं.

मागचं दार घासायला लागलंय. ओल! लाकूड फुगणारच.

१५ फेब्रुवारी

पुन्हा दोन रेघा. क्रेट कपाटावर चढवला. इन्कोरोनाता कमरेवर हात ठेवून उभी — "एवढा उंच बसवलास, आता मेणबत्ती लावू का त्याच्यापुढं?"

एक खटकतं. खुर्चीत बसल्या बसल्या टॉवरचं टोक दिसायचं. आता उभं राहावं लागतं. तिला सांगितलं, तर म्हणते, "म्हातारपणी माणूस आखडतो, दादा." हसलो. खरंच आखडलो असेन.

रात्री भिंतीत काहीतरी करकरलं. खुंट जागेवर.

१६ फेब्रुवारी, रविवार

दाराचं आणि टॉवरचं एजिडिओला सांगितलं. तो फोनवरच ओरडला — "मामा, खुंट तिथंच, कॅमेरेही तिथंच! लांबून बघायला नको का?" तासाभरात हजर. तिसरा कॅमेरा आणि दुसरा प्रवासी राउटर घेऊन ओढ्यापलीकडच्या टेकडीवर गेला, मेंढवाड्याच्या भिंतीवर बसवून आला. इन्कोरोनाताला म्हणाला, "आई, आजच चल." ती म्हणाली, "दादा सांगेल तेव्हा." मी म्हणालो, एक दिवस पाहू.

चित्रात आमचं घर आणि मागचा कातळ. छपराची कड कातळातल्या पांढऱ्या पट्ट्याला बरोबर टेकलेली. लांबून किती देखणं दिसतं घर! आमची आई त्या दारात उभी असल्याचा भास झाला.

१७ फेब्रुवारी, सकाळ

बागेतली दोन्ही चित्रं कालच्यासारखीच. खुंट जागेवर.

टेकडीवरचं चित्र — छप्पर पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर खाली. कातळ आहे तिथंच. खुंट, भेग, बाग, कॅमेरे, कपाटावरचा क्रेट, आम्ही दोघं — सगळे मिळून उतरतोय.

इन्कोरोनाता पीठ मळते आहे. पिठाच्या हातांसकटच बाहेर काढतो तिला.