जड झालेलं नाव

२ सप्टेंबर
पुन्हा परत! दुकानदारांच्या मेल परत येताहेत. दुकानांचे पत्ते वेगवेगळे, पण सगळ्यांची पत्रं जातात माझ्या एकाच सर्व्हरवरून – आणि जाताना सर्व्हर आधी स्वतःचं नाव सांगतो. माझ्या नवऱ्याच्या, प्रसोजोच्या नावावरून ठेवलेलं. त्या नावाच्या नोंदणीची मुदत संपली, म्हणून समोरचे पत्रं घेत नाहीत. नोंदणी त्याच्याच खात्यात, ती वाढवता येईल ती त्यालाच. आणि तो कामाला म्हणून बाताम बेटावर गेला तो गेलाच. फोनसुद्धा उचलत नाही.

सर्व्हरला दुसरं नाव द्यायचं, झालं. माझा हातच होत नाही.

३ सप्टेंबर
नाही केलं.

५ सप्टेंबर
शेंगदाण्याच्या वड्या करणारी बू वार्सिनी दारात येऊन भांडली. "बू प्रसोजो, हॉटेलची ऑर्डर हातची जाईल माझी! नवऱ्याला सांगा की!" बू म्हणजे बाई, पुढे नवऱ्याचं नाव; या गल्लीत माझं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक आहे? "सांगते," म्हटलं.

घाईत सर्व्हरला तिच्याच दुकानाचं नाव देऊन टाकलं. तात्पुरतं.

६ सप्टेंबर
माझी अक्कल! सर्व्हर म्हणजे घरमालक, दुकानं त्याची भाडेकरू; तेच नाव भाडेकरूंतही राहिलं, तेच घरमालकाचं झालं. सर्व्हर बिचारा तिची पत्रं स्वतःचीच समजला, घरात शोधलं आणि उलट कळवलं – या नावाचं इथे कुणी नाही!

"माझ्याच दुकानात मी नाही म्हणे!" वार्सिनी कडाडली. सगळं पूर्ववत केलं. घरमालकाचं नाव वेगळंच हवं, हे प्रसोजोनेच शिकवलं होतं, याच टेबलाशी बसून. फार आठवण आली. एकटीसाठी कढई कोण चढवणार? तशीच झोपले.

८ सप्टेंबर
सासूबाईंचा फोन. "यंत्र बरं झालं का गं?"
"नाही, इबू."
"मग त्याला नाव जड झालंय. पोर सारखं आजारी पडलं की आपण काय करतो? नाव बदलतो, लाल-पांढरी खीर करतो. तू बदल, खीर मी आणते."
हसू आलं, मग रडू. "तो परत आला आणि त्याचं नाव इथे नसलं तर?"
त्या म्हणाल्या, "गूळ संपलाय, आणायला हवा," आणि ठेवलाच फोन.

९ सप्टेंबर
बदललं! मेरबाबू – खिडकीतून दिसतो त्या डोंगराचं नाव. नावावरून सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर, नंबरावरून नाव, दोन्हीकडून जुळवलं. वार्सिनीची मेल गेली, हॉटेलचं उत्तरही आलं. सांगायला घरात कुणी नाही.

१० सप्टेंबर
सासूबाई आल्या. खिरीच्या वाट्या दोन. एक सर्व्हरपुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली.
"ही कशाला?"
"तुला. प्रसोजोचं नाव तुलाही जड झालंय, निंग. तिकडे दुसरं लग्न केलंय त्याने. मला ईदपासून माहीत होतं गं – जीभच रेटली नाही."