वीतभर मोठी पाटी

चर्चचे नवे छत माझ्या थोरल्या जाऊबाई गिरिजाबाई लोंढे, म्हणजे आमच्या अक्का, यांच्या एकटीच्या देणगीतून झाले, असे पाळकसाहेबांनी परवाच्या रविवारी उपासनेनंतर जाहीर केले. मला खरे वाटेना, म्हणून मी खजिनदारांना बाजूला घेऊन विचारले. त्यांनीही तेच सांगितले. दाराशी संगमरवरी पाटी लागली आहे. तीवर अक्कांचे नाव आहे.

ही बातमी पचवून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय (अक्कांचा सोडून), मी रंभाबाई याकोब लोंढे, वय एकाहत्तर, राहणार जुळे सोलापूर, धंदा शेंगाचटणी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीचे कोणतेही नाही. आजवर गरज वाटली नव्हती.

१. राहता फ्लॅट माझी मुलगी पूनम हिला. जावयांना बाल्कनी बंद करून खोली काढायची आहे. माझ्या हयातीत काढू नये.

२. माझे पती होटगीला रेल्वेत होते. त्यांची पितळी शिट्टी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. ती कोणी मागितलेली नाही, पण अक्कांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ती जायला नको.

३. बँकेतली ठेव, व्याजासकट, चर्चला. याकोब गेले तेव्हा पूनम रांगत होती. महिला मंडळाच्या बाया प्रार्थनेला आल्या, रडल्या, आणि निघताना प्रत्येकीने चटणीची ऑर्डर दिली. त्यावर माझे घर चालले. प्रभूने दिले ते कृतज्ञतेने त्याच्या घरी परत जावे, एवढाच हेतू.

असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. त्याखाली लिहिले होते की माझ्या नावाची पाटी अक्कांच्या पाटीपेक्षा वीतभर मोठी असावी. वकील वैदेहीताईंनी दोन्ही वाक्ये लागोपाठ मोठ्याने वाचली आणि चहा मागितला.

४. दगडी उखळ आणि मुसळ. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी केमहून लग्न करून आले, बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीच्या उपकारस्तुतीला, चटणीची बरणी अर्पण केली. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, पैसे चर्चला जातात. माझी बरणी वर धरली तेव्हा कोणी बोलेना. मी नवी, माझ्या हातचे खायचे की नाही हेच लोकांचे ठरत नव्हते. अक्कांनी बोली लावली. टाळ्या पडल्या, त्या अक्कांना. चटणी कोणी कुटली हे कोणी विचारले नाही. तेव्हापासून दर वर्षी मी कुटायचे आणि टाळ्या त्यांनी घ्यायच्या. त्यांनी माझी लाज राखली, हे मला कळते. चांगुलपणातही त्या माझ्या आधी पोचल्या, हेच सहन होत नाही.

माझ्या ठेवीचा आकडा त्यांनी डोळ्यांनी पाहावा, म्हणून मी काल त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले. त्यांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, भुवया उंचावल्या. माझे काम झाले होते. त्या सही करणार, तेवढ्यात वैदेहीताई म्हणाल्या, "आजी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही बरं का."

अक्कांनी पेन खाली ठेवले. "मग मी न्हाय सही करत. मला उखळ पायजे."

"तुमच्याकडं मिक्सर हाय की, अक्का. दोन दोन."

"मिक्सरची कोण खातंय, रंभे? इतकी वर्सं बोली उगं लावली व्हय? मी घरी कुटून बगितली. सुना म्हणाल्या, काकूंचीच आणा. लई जळले बग मी."

मी उठून आत गेले आणि पाणी प्यायले. सबंध जन्मात इतके गोड कोणी माझ्याशी बोलले नव्हते.

सबब उखळ आणि मुसळ अक्कांना. हातगुण मी बरोबर नेणार. त्या आधी गेल्या तर पूनमला. पण त्या जाणार नाहीत. इतर सगळ्यांत पुढे असतात, उखळासाठी तेवढ्या मागे राहतील.

५. पाटीची अट मी काढून टाकते. दानावर कोणाचेही नाव नको. मात्र पाळकसाहेबांनी आकडा एकदा, सावकाश, अक्का पुढच्या बाकावर बसलेल्या असताना वाचावा.

६. अंमलबजावणी पूनमने करावी.

सोलापूर, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५.

सही: रंभाबाई याकोब लोंढे

साक्षीदार: १. चन्नप्पा, शेजारी. २. रेश्मा, वैदेहीताईंच्या ऑफिसातल्या. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. यातून काही मिळणार नाही हे ऐकून चन्नप्पांनी तोंड पाडले, म्हणून एक बरणी त्यांना आजच हातात दिली.

२ नोव्हेंबरला हंगामाचा सण आहे. बरणी नेहमीप्रमाणे मांडली जाईल आणि अक्का नेहमीप्रमाणे बोली लावतील. यंदा त्यांच्यासमोर मी उभी राहणार आहे, माझ्याच चटणीवर बोली लावायला.