डाव्या हाताचा दस्ताना

रजब ४, समरकंद

आले — पोलादी पत्रे दोन, कड्यांची जाळी हातभर, रुई एक गाठोडे. मिळून बावीस तंगे. रुई फार महाग!

माझा तुर्दी उत्तरेच्या स्वारीवर निघणार, घोडदळात. त्याच्या आधीची चार गेली, म्हणून नाव तुर्दी ठेवले — 'राहिला'.

दुकानात बापलेकांचे वाजले. मामंजी पट्ट्यांचा दस्ताना करणारे — लोखंडी पट्ट्या, मनगटापासून कोपरापर्यंत चामड्याच्या वादीने ओवलेल्या. त्यांच्या वडिलांच्या काळी तर नुसते कडक चामडेच. ह्यांना अख्ख्या पत्र्याचा करायचाय, नव्या तऱ्हेचा. मामंजी म्हणाले, नातू लढायला चाललाय की पाणी वाहायला, नळ कसला घालतोस त्याच्या हाताला? हे म्हणाले, ढाल पाठीवर, दोन्ही हात धनुष्याला. मग हाताचीच ढाल करायला नको?

रजब ९

माप झाले. मी शिवलेली रुईची बाही तुर्दीने चढवली, तिच्यावरून ह्यांनी दोरा गुंडाळून गाठी मारल्या. हा दोरा दुकानाच्या खुंटीवर राहतो; गाठ ज्याची त्याने परत येऊन सोडायची. खुंटीवर अजून सतरा दोरे आहेत. काही मामंजींच्या हातचे.

रजब १६

दस्ताना झाला. कोपरापासून मनगटापर्यंत एकच पत्रा, आतल्या अंगाला दोन लहान, मध्ये कड्या. पट्टा ओढला की केसभर फट नाही. तुर्दी म्हणाला, "आई, यात आता तुझी सुईसुद्धा शिरायची नाही."

रजब २१

पहाटे हौदावर बर्फ. जीव राहवेना. डावी बाही उसवून आणखी एक थर घातला — लगाम धरायचा, धनुष्य धरायचे, तोच हात आधी गारठतो. रुई माझ्या रजईतली काढली, नवी विकत नाही घेतली. टाक्याटाक्याला अल्लाचे नाव. दस्ताना जाड लोकरी नमद्यात बांधून ठेवलेला होता, घालून बघायला तो कोण सोडणार? बोलले नाही कोणाला.

रजब २२

गेला.

शाबान १३

आज जेवण घेऊन दुकानात गेले. हे एका शिपायाला बजावत होते, "मापाचा दोरा बांधला की बाहीला सुई लावायची नाही. बोटभर रुई वाढली तरी पट्टा लागायचा नाही. पट्ट्यांचा असता तर वादी सैल केली असती. पत्रा सैल होत नाही."

हातातले भांडे खाली ठेवले.

बावीस वर्षे या घरात. बाह्या मीच शिवते सगळ्यांच्या. हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

शाबान १४

ह्यांना सांगायचा धीर झाला नाही. मामंजींना सांगितले. वाटले, आता नव्या तऱ्हेवर तोंड सोडतील. नाही. म्हणाले, "पोर शहाणं आहे. काढेल उसवून." मग स्वतःशीच — "त्या थंडीत कोण उसवतं?"

नमाज लांबवते आहे. तीच एक दुआ.

शाबान २७

खबर नाही. रोज खुंटीकडे बघून येते.

रमजान ६

छावणीतून आलेल्या उंटवाल्याने गाठोडे दिले. कोणी दिले, त्याला ठाऊक नाही. आत दस्ताना. चिठ्ठी नाही.

हे अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना दाखवत होते — बघा, एक ओरखडा नाही! पट्टा बदलायला धाडला असेल, म्हणाले.

मी पट्टा बघितला. कोरा. भोकाशी घडीसुद्धा पडलेली नाही. मामंजी उठून आत गेले.

उंटवाला शुक्रवारी परत फिरतो. त्याच्याजवळ द्यायला लिहिले —

तुर्दी, याच माणसाच्या हाती परत खबर धाड. दोन शब्द पुरेत, पण तुझ्या हातचे. लिहायला उजवा हात पुरतो.