पाचव्या भागात तिने दार उघडलं

कसलं भिकार पुस्तक पाठवलंस गं! चार भाग त्या रक्तपिशाचाला कोणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, म्हणून ती पोरगी जगली. या पाचव्यात तो दाराबाहेर बसून रडला, आणि या बयेने स्वतःच्या हाताने कडी काढली. म्हणे, सुधारला असेल. पुढे सगळं पुस्तक तिची मान आणि त्याची माफी. असलं लिहायला कशाला हवी एवढी जाडी?

रुपाली, आजीचा आशीर्वाद. गुडघा बरा आहे. घोडबंदरला तुझ्या मामाच्या घरात भिंत धरून चालते. डॉक्टर अजून महिनाभर थांब म्हणतो. त्याला म्हणू दे. मी शनिवारी कळव्याला आपल्या घरी, तुझ्या नि आजोबांजवळ येते. जेवतेस ना नीट?

फोनवर तू रडतेस आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून लिहिलं. तुझा नवरा रविवारी माफी मागायला येतोय म्हणे. मागच्या वेळीही मागितली होती, त्यानंतरच तुझा हात मोडला. येऊ दे, पायरीवर बसून रडू दे. पण आपल्याकडे पाणी दिलं की माणूस घरात आला. तुझे आजोबा सवयीने तांब्या घेऊन धावतील, तो आधी लपव.

तुझी आजी,
आवडाबाई

ता. क. रविवारी कमलेशने बाहेरून हाक मारली तर तू ओ द्यायची नाहीस, आजोबांनी तर नाहीच. ओ मी देईन.