खोडव्याला दहापैकी किती

आप्पा, खाटेवर बसून तुम्ही ज्या मिस्त्रीची काळजी करायचात, त्या खेळाचा दुसरा भाग आलाय. मधे किती वर्षं गेली म्हणून सांगू, माझ्या केसांत पांढरे दिसायला लागलेत. आणि हा दुसरा भाग कसा झालाय ते लोकांना सांगायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे आधी माझ्या कामाचं सांगते. मी कॉम्प्युटरवरचे खेळ खेळते, ते कसे आहेत ते एका वेबसाइटवर लिहिते आणि शेवटी दहापैकी गुण देते. त्याचा पगार मिळतो. हसू नका, दादा अजून हसतो. ऑफिस पुण्यात आहे, पण मी शिरूरला दादाकडेच राहते आणि वरच्या खोलीत बसून काम करते. खाली आई टीव्ही लावून बसलेली असते. ती बरी आहे, गुडघे सोडले तर. दादानं पाहुण्यांत सांगून ठेवलंय की आमची बहीण दिवसभर बंदूक चालवते. निमोण्याच्या एका मामांनी ते इतकं मनावर घेतलं की लग्नात मला बाजूला घेऊन 'पोलिसात कवा लागलीस?' म्हणून विचारलं.

गुण द्यायला मी तुमच्याकडूनच शिकले, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर समजावत बसावं लागतं. वरवंडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, ते गुऱ्हाळ. रस उकळून दाट होत आला की सगळे तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, कारण काहील चुलीवरून कधी उतरवायची ते गुळव्या ठरवणार आणि गुळव्या तुम्ही. पळीभर पाक गार पाण्यात सोडायचात, बोटांनी त्याची गोळी वळायचात, ती काहिलीच्या काठावर आपटून कान द्यायचात. मग नुसती मान हलवायचात. शेतकऱ्याचा वर्षभराचा ऊस त्या मान हलवण्यावर असायचा. मी अकरा वर्षांची असेन. कासुर्डीचे एक आबा खोडवा घेऊन आले होते. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटून येतो तो खोडवा. नव्यानं लावलेल्या लागणीच्या उसापेक्षा तो दुय्यमच, असं सगळेच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. रस काहिलीत उकळत होता, आबा शेजारी उभे होते आणि मी मोठ्या माणसासारखी बोलून गेले, "खोडव्याचाच गूळ हाय आबा, पहिल्याची सर कुठनं येणार?"  आबांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली.

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. पळी हलवत विचारलंत, "काहील उतरली का?" मी म्हटलं, "न्हाई." "मग तुला कुणी इचारलं?" बस, एवढंच, पण चार माणसांसमोर. मी चिपाडाच्या ढिगामागं जाऊन रडले. संध्याकाळी हातपाय धुऊन तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. "ताप‍लेला गूळ एक तर गोडच लागतो, न्हाईतर जीभ पोळती. दोन्ही येळंला माणूस खोटं बोलतंय. गार होऊ द्यायचा, मग तोंड उघडायचं. आन् ज्याचा ऊस हाय त्यो समोर उभा असतो, त्याला इसरायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फडक्यावर गुळाचे तीन खडे मांडलेत. दोन लागणीचे, एक आबांच्या खोडव्याचा. कुठला कुठला ते सांगितलं नाहीत. "ह्यातला चांगला कंचा, सांग." मी तिन्हींचा एकेक कण जिभेवर ठेवला. खड्यांकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि मधल्यावर बोट ठेवलं. तो खोडव्याचा निघाला. तुम्ही इतके खूश झालात की ढेप न्यायला आलेल्या आबांना थांबवून सांगितलंत, "माझ्या पोरीची जीभ पक्की हाय. तुमचा गूळ तिनंच निवडला."

त्यानंतर प्रत्येक हंगामात गार झालेल्या ढेपेचा पहिला तुकडा माझ्या हातावर यायचा. माणसं गमतीनं मला छोटी गुळवीण म्हणायची. दहावीला मला बेताचे मार्क पडले, तरी दौंडला कुणी रेल्वेतला माणूस जुना कॉम्प्युटर विकतोय असं कळल्यावर तुम्ही तो गोधडीत गुंडाळून, मोटारसायकलच्या मागं बांधून घरी आणलात. आई दारातच अडवून उभी. "तिला कशाला ह्यो डबा?" तुम्ही गाठी सोडत म्हणालात, "पारख हाय तिच्याजवळ. कशाची का असंना, कामी येईल." आप्पा, त्या डब्याचं मी आज खाते. तेव्हा तुम्हाला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती, म्हणून आता म्हणते.

पहिला भाग मी त्याच डब्यावर खेळले. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर जमिनीखाली खाण असते, खाणीत पायाचे काटे वाजवत येणारी यंत्रं असतात, आपल्या हातात बंदूक असते आणि बरोबर एक म्हातारा कारागीर असतो, कंदील घेऊन चालणारा, बंदूक बिघडली की दुरुस्त करणारा. उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंद असायचं, तेव्हा दुपारी तुम्ही मागं खाटेवर येऊन बसायचात. तुम्हाला बंदुकीशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही त्या म्हाताऱ्याचं नाव मिस्त्री ठेवलंत. अजून माझ्या कानात आहे. मी पळतेय, गोळ्या झाडतेय, आणि मागून तुम्ही म्हणताय, "दम खा की. का पळतीस? मिस्त्री मागं ऱ्हायला." शेवटी मिस्त्री आपल्याला बाहेर काढतो आणि दार आतून बंद करून घेतो, यंत्रांबरोबर आतच राहतो. तुम्ही खाटेवरून उठून उभे राहिलात. "उघड की ते दार." "उघडत न्हाई आप्पा, खेळच तसा हाय." "मग परत खेळ." मी तीनदा खेळले, दार काही उघडलं नाही. पुढच्या हंगामात, गुऱ्हाळ चालू असतानाच, तुम्ही गेलात. तो खेळ मी पुन्हा खेळले नाही.

आता दुसरा भाग. खेळ बाजारात येण्याआधी आठवडाभर तो माझ्याकडे आला, कारण शुक्रवारी सकाळी आमचा लेख सगळ्यांबरोबर लागायला हवा होता. मी लावला, आणि त्यात मिस्त्री नाही. खाण तीच, यंत्रं तीच, पण आपण एक नवीनच पोरगी असतो, एकटी. गोळ्या मोजक्या. मी माझ्या जुन्या सवयीनं पळत सुटले आणि पहिल्याच मोठ्या खोलीत सात वेळा मेले. मग चिडून खेळ सगळ्यात सोपा करून घेतला, धावतच शेवट गाठला आणि तासाभरात लेख लिहून टाकला. दहापैकी पाच. संपादकांचा लगेच फोन आला. "काय धुतलंयस! हेच पाहिजे होतं. पहिल्या भागावर जीव असलेले लोक तुटून पडणार वाचायला." मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. चहा करून आणला आणि टायपिंगच्या चुका बघायला लेख मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्याच परिच्छेदात माझं वाक्य होतं, 'शेवटी हा दुसरा भाग आहे, पहिल्याची सर कुठून येणार?' तिथं माझी जीभ अडकली. तेच शब्द, आप्पा. तोच आवाज, काहील उतरायच्या आत बोललेला. मला एकदम आबांची टोपी दिसली.

म्हणून मी तुमची तीन खड्यांची युक्ती केली. मी तर ते दोन्ही खेळ ओळखणार, मग मला न ओळखणारी जीभ हवी होती. ती घरातच होती. दादाची बायको रांजणगावच्या एका कारखान्यात माल तपासते; गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, तुकडा बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. गुरुवारी तिला सुट्टी असते. "मला न्हाई जमायचं वन्सं," ती म्हणाली, "मला स्कूटी शिकायला दोन वर्षं लागली." मी बळंच तिच्या हातात कंट्रोलर दिला आणि कुठला पहिला, कुठला दुसरा ते न सांगता दोन्ही खेळांचा पहिला तास तिला खेळायला लावला. आपला पहिला भाग तिनं जांभया देत खेळला. "ह्याच्यात समदे आंधळ्यावानी येत्यात आन् मरत्यात. आमच्या लायनीवर असं काम असतं तर मी उभ्या उभ्या झोपले असते. आन् ह्यो कंदीलवाला म्हातारा किती बोलतोय!" आपल्या मिस्त्रीला, आप्पा! मला इतका राग आला की मी खाली जाऊन पाणी पिऊन आले.

परत आले तर ती दुसऱ्या भागातल्या त्या मोठ्या खोलीत पोचली होती, मी सात वेळा मेले होते तिथं. एका पेटीमागं बसून होती. काहीच करत नव्हती. यंत्र काटे वाजवत जवळ आलं, थांबलं, वळलं, निघून गेलं. वहिनी उठली आणि सावकाश पलीकडच्या दारातून बाहेर पडली. एकसुद्धा गोळी न झाडता. "वहिनी, तुम्ही थांबलात कशा?" "मग काय करू? त्यो ऐकतोय की. पाय वाजला की त्याचं कान हालत्यात. दिसत न्हाई व्हय तुम्हाला?" मला दिसलं नव्हतं. मी दोन दिवस त्या खेळात होते आणि मला यंत्रांचे कान दिसले नव्हते. हा खेळ दम खाणाऱ्यासाठी केलेला होता. जे तुम्ही खाटेवरून मला सांगत होतात आणि जे पहिल्या भागात करायची गरजच नव्हती, ते दुसऱ्या भागानं मागितलं होतं, आणि मी त्यात मिस्त्री शोधत धावत सुटले होते.

संपादकांना फोन करून मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. ते म्हणाले, "सोमवारी काळं कुत्रं वाचणार नाही. पाचच असू दे, वाटलं तर नंतर बदलू." मी म्हटलं, गरम आहे अजून, गार झाल्याशिवाय माझ्या नावानं लावू नका. त्यांना ते काही कळलं नाही. शुक्रवारी त्यांनी घाईनं दुसऱ्याकडून काहीतरी चार ओळी लिहून घेतल्या आणि पुढच्या मोठ्या खेळाचं काम त्यालाच दिलं. इकडं मी खेळ पहिल्यापासून लावला, जसा करणाऱ्यांनी केलाय तसा, सोपा न करता. थांबत, ऐकत. त्यातल्या पाण्याच्या टाकीतला रस्ता इतका सुरेख आहे की मी तिथं उगाचच दोनदा परत गेले. शेवट मात्र घाईचा आहे, काहील आधीच उतरवल्यासारखा. पात्रं बोलतात तेव्हा ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. नवी पोरगी मला आवडायला लागेपर्यंत खेळ संपत आला होता. हे सगळं लिहिलं. मिस्त्री नाही याची चुटपूट लागते हेही लिहिलं, पण ती चूक म्हणून मांडली नाही. दहापैकी सात दिले. सोमवारी खरंच फारसं कुणी वाचलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांतल्या निम्म्यांनी मला विकली गेलेली म्हटलं. तरी त्या रात्री मला छान झोप लागली, आणि वहिनी रोज ड्युटीवरून आल्यावर अर्धा तास खेळते, ती टाकीपर्यंत पोचलीय.

हे पत्र कुठं पाठवणार? लेखांच्या फोल्डरमध्येच तुमच्या नावानं ठेवून देते. पण एक गोष्ट इतकी वर्षं दाबून ठेवलीय, ती सांगितल्याशिवाय बंद करवत नाही. त्या सकाळी फडक्यावरचे तिन्ही खडे मला सारखेच गोड लागले होते. काही म्हणजे काही फरक कळला नव्हता. तुमची नजर मधल्यावर जाऊन थांबली, म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवलं. पुढं प्रत्येक ढेपेला मी तुकडा तोंडात टाकून तुमच्या चेहऱ्याकडेच बघत होते, आणि तुम्ही चारचौघांत माझी जीभ पक्की म्हणत राहिलात, त्या जिभेपायी कॉम्प्युटर आणलात. या वेळी समोर तुमचा चेहरा नव्हता, आप्पा. हे सात मी चाखून दिलेत.