मुठीतली ओढणी

मानीबाई,

याडीच्या तेराव्याले तू सुरतवरून आली अन् आपल्या रीतीनं माह्या गळ्यात पडून ढावलो म्हणू लागली, रडता रडता समदं गाऊ लागली. मी लाकडावानी उभी राह्यली. ना रडली, ना काही सांगतलं. बहीण दगड निघाली, असं तांड्यात बोलून तू रागानं निघून गेली.

दारव्ह्याच्या बाजारातून येतानी आमची जीप पलटली, माय गेली, यवढंच मी कोणालेही सांगत होती. माहा मोडलेला हात जुळला, पण मूठ उघडत नोहती. डॉक्टर म्हणे, हाडात काही दोष नाही.

काल शेजारची गमलीकाकी आली. तिनं मले गळ्याशी धरलं अन् ढावल्यात त्या दिवसाचं पहिल्यापासून सांगू लागली. मंग ती म्हणे, "तुही याडी एकटीच गेली वं, कोणी धरलं नाही तिले."

"खोटं हाय!" मी वरडली. "तिची ओढणी माह्या मुठीत होती. मी सोडली नाही!"

मंग मी सांगतच गेली, रडतच गेली. थांबली तवा पाह्यलं, तर माही बोटं काकीच्या पाठीवर पसरली होती.

काकीले खरं ठाऊक होतं. त्या दिवशी माह्या मुठीतून ओढणी तिनंच सोडवली होती.

हे पत्र टाकत नाही. तुले गळ्यात पडूनच सांगाचं हाय. दिवाळीले ये, यवढंच फोनवर सांगीन. मी मधातच अडकली, तर तू थोडं चुकीचं सांगजो.

तुही लहानी,
सोनू